फ्रिजच्या दारावरची यादी

वाचकाचा प्रश्न (ओळख पटेल असे तपशील गाळून, थोडक्यात): पत्रलेखिका पंचेचाळिशीच्या आसपासच्या आहेत. घरात पती, सासूबाई आणि पंधरा वर्षांची मुलगी आहे. काही महिन्यांपूर्वी पतींच्या रक्ततपासणीत साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आली असल्याचे आणि कोलेस्टेरॉल थोडे वाढल्याचे दिसले. "खाण्याकडे लक्ष द्या," एवढेच डॉक्टरांनी सांगितले. तेव्हापासून त्या रोज रात्री आहाराविषयीचे लेख आणि व्हिडिओ पाहतात आणि फ्रिजच्या दारावर चिकटवलेल्या कागदावर 'चालेल' आणि 'चालणार नाही' असे दोन रकाने भरतात. साखरेच्या जागी मध आला. साध्या मिठाच्या जागी आधी गुलाबी आणि मग कमी सोडियमचे मीठ आले. अंडी आणि दूध बंद होऊन न्याहारीला 'शुगर फ्री' बिस्किटे आणि फळांचा रस आला. कॉफी कधी या रकान्यात असते, कधी त्या. पती हल्ली बाहेरून खाऊन येतात. मुलगी प्रत्येक घासाआधी "यात काय आहे?" असे विचारते आणि मैत्रिणींबरोबर खाणे टाळते. "एकदाच काय ते नक्की सांगा, घरात काय ठेवू आणि काय काढून टाकू?" असे त्या विचारतात.

प्रिय ताई,

तुमच्या प्रश्नाकडे मी येणारच आहे. पण तुमच्या पत्रात जाता जाता आलेले एक वाक्य मला त्याहून तातडीचे वाटते, म्हणून आधी त्याविषयी लिहितो. सासूबाईंना रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर 'रक्त पातळ ठेवण्याची' गोळी चालू आहे आणि तुम्ही त्यांना गेले काही महिने रोज पेलाभर पालकाचा रस देत आहात, असे तुम्ही लिहिले आहे. ती गोळी वॉरफॅरिन किंवा त्याच गटातली असेल, तर हा रस निरुपद्रवी नाही. रक्त गोठवणारी काही प्रथिने तयार करताना यकृताला के जीवनसत्त्व लागते, आणि वॉरफॅरिन नेमक्या त्याच टप्प्यावर अडथळा आणते. पालकासारख्या हिरव्या पालेभाज्यांत हे जीवनसत्त्व भरपूर असते. त्यामुळे ते अचानक जास्त पोटात जाऊ लागले की गोळीचा परिणाम कमी पडतो आणि रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो.

आता हे वाचून उद्यापासून रस एकदम बंद करू नका. मधल्या काळात डॉक्टरांनी आयएनआर नावाची, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी तपासणी पाहून गोळीची मात्रा वाढवली असेल, तर रस अचानक थांबल्यावर तीच मात्रा जास्त होईल आणि रक्तस्रावाचा धोका उभा राहील. गोळीच्या पाकिटावरचे नाव वाचा, डॉक्टरांना फोन करा आणि "रोज इतका रस, इतक्या महिन्यांपासून" असे स्पष्ट सांगा. गोळी अपिक्साबॅन, रिव्हरॉक्साबॅन किंवा डॅबिगॅट्रान यांपैकी असेल, तर के जीवनसत्त्वाचा हा प्रश्न येत नाही. वॉरफॅरिन असेल, तरी पालेभाजी वर्ज्य करावी लागत नाही. तिचे प्रमाण आठवड्यागणिक साधारण सारखे राहावे लागते.

दुसरी गोष्ट कमी सोडियमच्या मिठाची. या मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून त्याजागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. चीनमध्ये ६०० खेड्यांतल्या सुमारे २१,००० लोकांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत अशा मिठामुळे पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी झाले होते. म्हणजे हे मीठ कोणी उगाच गाजवलेले नाही. पण ज्यांचे मूत्रपिंड नीट काम करत नाही, किंवा ज्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्याच पोटॅशियम वाढवणाऱ्या आहेत, त्यांच्या शरीरात पोटॅशियम साठून हृदयाची लय बिघडू शकते. रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्यांपैकी बऱ्याच अशा असतात. तेव्हा त्याच फोनवर हेही विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत सासूबाईंच्या ताटात साधेच मीठ वापरा, अर्थात हात आखडून.

मी याने सुरुवात का केली, हे तुमच्या लक्षात आले असेल. पालकाचा रस आणि कमी सोडियमचे मीठ हे दोन्ही तुमच्या यादीत 'चालेल' या रकान्यात आहेत, आणि तुम्ही ते तिथे लिहिलेत यात चूकही नाही, कारण बहुतेकांना ते चालतात. यादीत जागा नव्हती ती 'कोणाला' या प्रश्नाला. 'किती', 'किती वेळा' आणि 'कशाच्या जागी' यांनाही त्या कागदावर जागा नाही. आणि या चार गोष्टी वगळल्या, तर एखादा पदार्थ आरोग्याला चांगला की वाईट, या प्रश्नाला फारसा अर्थ उरत नाही. तुम्ही मला रकाने कायमचे भरून मागत आहात. मी ते भरून दिले, तरी पुढच्या महिन्यात नवा लेख येईल आणि तुम्ही पुन्हा खोडरबर हातात घ्याल.

कॉफीचेच पाहू, कारण तिने तुम्हाला सर्वांत जास्त छळलेले दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९१ साली कॉफीची नोंद मूत्राशयाच्या संदर्भात 'कर्करोगकारक असण्याची शक्यता' या गटात केली. २०१६ साली, हजारांहून अधिक अभ्यास तपासल्यावर, त्याच संस्थेने तिला त्या गटातून बाहेर काढले. शास्त्रज्ञांचे मत फिरले म्हणून लोक हसले. पण आधीच्या अभ्यासांत भरपूर कॉफी पिणाऱ्यांमध्ये धूम्रपान करणारेही बरेच असत आणि मूत्राशयाच्या कर्करोगाचे मोठे कारण धूम्रपान हे आहे, हे लक्षात घेतले की या फिरण्यात नवल उरत नाही. सिगारेटचा दोष काही प्रमाणात कपाच्या माथी आला होता. त्याच २०१६ च्या अहवालात आणखी एक गोष्ट होती, जिची चर्चा फारशी झाली नाही. ६५ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त गरम असलेले कोणतेही पेय अन्ननलिकेच्या कर्करोगाला 'बहुधा' कारण ठरते, असे त्यात म्हटले होते. मग ते पेय चहा असो, कॉफी असो वा नुसते पाणी. कप ओतल्यावर पाच मिनिटे थांबणे ही सूचना तुमच्या कुठल्याच रकान्यात बसली नसती.

या गटवारीबद्दल आणखी थोडे सांगतो, कारण तुमची धास्ती मुख्यतः तिथून आलेली दिसते. प्रक्रिया केलेले मांस, म्हणजे सॉसेज, बेकन, सलामी वगैरे, २०१५ पासून पहिल्या, म्हणजे 'कर्करोगकारक' या गटात आहे, आणि तंबाखूही त्याच गटात आहे. त्यावरून "सॉसेज म्हणजे सिगारेटच" अशी वाक्ये तुम्ही वाचली असतील. परंतु हे गट धोका किती मोठा आहे हे सांगत नाहीत. धोका आहे याचा पुरावा किती पक्का आहे, एवढेच सांगतात. रोज ५० ग्रॅम असे मांस खाल्ले तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शक्यता सुमारे १८ टक्क्यांनी वाढते, असा त्या अहवालातला अंदाज आहे. समजा, असे मांस न खाणाऱ्या शंभर जणांपैकी पाच जणांना आयुष्यात कधीतरी हा आजार होणार असेल, तर रोज खाणाऱ्या शंभर जणांपैकी तो साधारण सहा जणांना होईल. हा एक जण नगण्य आहे असे मी म्हणणार नाही, आणि असे मांस रोज खाऊ नये असेच सांगेन; मात्र मथळ्यातले 'अठरा टक्के' वाचून मनात जे चित्र उभे राहते, ते यापेक्षा कितीतरी भयंकर असते.

तुम्ही लिहिता की कोणत्याही पदार्थाचे नाव शोधले की त्याने कर्करोग होतो असेही सापडते आणि टळतो असेही. तुमचा अनुभव अगदी खरा आहे. दोन संशोधकांनी एका पाककृतींच्या पुस्तकातून वाटेल तसे ५० घटक निवडले आणि त्यांच्याविषयीचे संशोधन शोधले. त्यांपैकी ४० घटकांचा कर्करोगाशी संबंध जोडू पाहणारा निदान एक तरी अभ्यास त्यांना सापडला, आणि बहुतेक अभ्यासांचा दावा धोका वाढतो किंवा कमी होतो असाच होता. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर मात्र हे परिणाम बरेच फिके पडले. म्हणून रोज रात्री आणखी वाचल्याने तुम्ही अधिक सुरक्षित होत आहात, हे गृहीतक मला मान्य नाही. एकेका पदार्थावरचा एकेक अभ्यास वाचत गेल्याने हाती शहाणपण येण्याऐवजी भीती तेवढी वाढते.

आता 'कशाच्या जागी' या प्रश्नाकडे येऊ. तुमच्या घरातल्या बदलांचा खरा हिशेब इथेच लागतो, आणि पतींची तपासणी याच्याशी थेट निगडित आहे. साखर गेली आणि मध आला. मधाचा सुमारे चार पंचमांश भाग साखरच असतो. शिवाय तो जड असल्याने एका चहाच्या चमच्यात साखर साधारण चार ग्रॅम मावते, तर मध सात ग्रॅमच्या आसपास. म्हणजे चमच्याला चमचा असा बदल केला तर पोटात जाणारी साखर वाढलीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत 'मुक्त साखर' दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांपेक्षा कमी आणि जमल्यास ५ टक्क्यांपेक्षा कमी ठेवावी असे सांगितले आहे. ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम. या मुक्त साखरेत मध मोजला जातो आणि फळांचा रसही मोजला जातो. अख्खे फळ मात्र मोजले जात नाही.

रसाच्या बाबतीत हे मुद्दाम पडताळून पाहा. उद्या रस काढाल तेव्हा यंत्रात मागे राहिलेला चोथा एका वाटीत काढा आणि पेल्याशेजारी ठेवा. संत्र्याच्या मोठ्या पेलाभर रसात २० ग्रॅमच्या आसपास साखर असते आणि तो पेला भरायला तीन-चार संत्री लागतात. तुमच्या पतींनी ती तीन-चार संत्री सोलून, चावून एका बैठकीत खाल्ली असती का? वाटीतल्या चोथ्यामुळेच पोट भरले असते आणि साखर रक्तात सावकाश उतरली असती. उंबरठ्यावरच्या मधुमेहात सकाळी उपाशीपोटी रसाचा पेला देणे, आणि त्यासाठी अंडे बंद करणे, हा माझ्या मते तुमच्या यादीतला सर्वांत उलटा पडलेला बदल आहे. ३३० मिलिलिटरच्या शीतपेयाच्या डब्यात सुमारे ३५ ग्रॅम साखर असते, ते तुम्ही बंद केलेत हे फार चांगले झाले. पण एका दारातून बाहेर घालवलेली साखर दुसऱ्या दाराने परत आत आली आहे.

'शुगर फ्री' बिस्किटांचेही तेच. वरून घातलेली साखर नसली, तरी मैदा असतोच आणि त्याचे शरीरात ग्लुकोजच होते. अनेकदा संपृक्त चरबीही भरपूर असते. कोलेस्टेरॉलच्या धास्तीने अंडी बंद करून ही बिस्किटे आणणे म्हणजे आगीतून फुफाट्यात पडणे झाले. अंड्याच्या बलकात १८० मिलिग्रॅमच्या वर कोलेस्टेरॉल असते हे खरे. परंतु रक्तातले बरेचसे कोलेस्टेरॉल आपले यकृतच तयार करते, आणि घातक समजले जाणारे एलडीएल अंड्यापेक्षा संपृक्त चरबीने जास्त वाढते. अमेरिकेच्या २०१५ ते २०२० च्या आहारविषयक सूचनांतून रोजच्या ३०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलची मर्यादा वगळण्यात आली. तेव्हा बिस्किटांच्या जागी अंडे परत आणण्यात मला अडचण दिसत नाही. मधुमेह पुरता जडलेल्यांनी मात्र किती अंडी खावीत हे आपल्या डॉक्टरांना विचारावे, कारण त्यांच्याबाबतचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. लोणी, साय आणि तळण कमी करून त्यांच्या जागी वनस्पती तेले, अक्रोड, बदाम, शेंगदाणे असे काही आले तर एलडीएल उतरते. त्याच जागी मैदा आणि साखर आली तर काहीच पदरात पडत नाही.

गुलाबी मिठाचे थोडक्यात सांगतो. त्यात साध्या मिठाइतकेच सोडियम असते आणि त्यातली ती गाजलेली खनिजे इतकी अल्प असतात की त्यांचा उपयोग व्हावा इतके मीठ कोणी खाऊ नये. उलट त्यात बहुधा आयोडीन मिसळलेले नसते, आणि वाढत्या वयाच्या मुलीच्या घरात तो तोटाच आहे. मिठाचा रंग बदलण्यापेक्षा त्याचे प्रमाण दिवसाला माणशी ५ ग्रॅमच्या, म्हणजे सपाट चमचाभराच्या आत आणणे उपयोगाचे आहे, आणि त्यासाठी मिठाच्या बरणीबरोबरच पाव, चीज, सॉस, तयार सूप आणि खारवलेल्या पदार्थांच्या वेष्टनांवरही नजर ठेवावी लागते.

पतींविषयी मला तुम्हाला एक प्रश्न विचारायचा आहे. ज्यांच्या तपासणीवरून हे सारे सुरू झाले, त्यांना काय जमेल आणि काय नको, हे तुम्ही त्यांना विचारल्याचा उल्लेख तुमच्या चार पानी पत्रात कुठेच नाही. ते बाहेरून खाऊन येतात ते तुमचा अव्हेर करण्यासाठी, असे तुम्ही मानता. मला वाटते, ते भुकेले राहतात आणि वाद नको म्हणून सांगत नाहीत. परिणाम असा, की यादी घरात अगदी काटेकोर पाळली जाते आणि रुग्णाचे खाणे तुमच्या नजरेआड होते. अमेरिकेतल्या ३,२३४ जणांवर झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांनी वजनाच्या सुमारे ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम ही उद्दिष्टे ठेवली, तेव्हा पुढे मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. औषध घेणाऱ्या गटात ते ३१ टक्क्यांनी घटले होते. एखाद्या पदार्थावर कायमची बंदी हा त्या कार्यक्रमाचा गाभा नव्हता. एकूण खाणे आटोक्यात आणणे, हालचाल वाढवणे आणि हे सारे ज्याचे त्याने करणे यांवर भर होता. म्हणून पतींबरोबर बसा आणि त्यांनी स्वतः निवडलेल्या दोनच गोष्टी ठरवा. रसाऐवजी फळ आणि जेवणानंतर चालणे, एवढ्यानेही सुरुवात होईल. एचबीएवनसी ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगते. ती तीन महिन्यांनी पुन्हा करा. तुमचे बदल पतींना लागू पडत आहेत की नाही, हे कुठल्याही लेखापेक्षा ती अधिक खात्रीने सांगेल.

तुमच्या स्वतःच्या कॉफीविषयी तुम्ही तळटीपेत ओशाळल्यासारखे विचारले आहे. अवश्य घ्या. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१५ च्या मतानुसार निरोगी प्रौढाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिनची भीती नाही. गरोदरपणात ही मर्यादा २०० मिलिग्रॅमची आहे. मध्यम कपात साधारण ८० ते १०० मिलिग्रॅम कॅफिन असते. ते शरीरातून निम्मे होण्यास सुमारे पाच तास लागतात, म्हणून संध्याकाळचा कप झोपेच्या आड येतो. तुम्हाला रात्री दोनपर्यंत झोप लागत नाही असे तुम्ही लिहिले आहे, तेव्हा दुपारनंतरचा कप टाळा. त्या झोपमोडीत कॅफिनपेक्षा हातातल्या फोनचा वाटा मोठा असावा, असा माझा दाट संशय आहे. कोलेस्टेरॉल वाढलेल्यांनी कॉफी कागदी फिल्टरमधून गाळून घ्यावी, कारण न गाळलेल्या कॉफीतले काही तेलकट घटक एलडीएल वाढवतात.

फ्रिजच्या दारावरचा कागद आजच काढा. तिथे काहीतरी लावायचेच असेल तर घरातल्या औषधांची नावे आणि त्यांचे खाण्यापिण्याशी असलेले वैर लिहून लावा. हा सल्ला सर्वच वाचकांसाठी आहे, कारण रोजच्या खाद्यपेयांचा सर्वांत ठोस आणि तरीही सर्वांत दुर्लक्षित परिणाम इथेच दिसतो. थायरॉइडची गोळी कॉफीबरोबर घेतली तर नीट शोषली जात नाही. टेट्रासायक्लिन गटातली प्रतिजैविके दुधाबरोबर घेतली तर दुधातले कॅल्शियम त्यांना बांधून टाकते. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर बरीचशी वाया जाते. ग्रेपफ्रूट नावाच्या फळाचा रस कोलेस्टेरॉलवरच्या काही गोळ्यांचे रक्तातले प्रमाण वाढवून त्यांचे दुष्परिणाम वाढवतो. यांपैकी एकही पदार्थ 'वाईट' नाही. औषधविक्रेत्याला किंवा डॉक्टरांना "हे कशाबरोबर घेऊ नये?" एवढे विचारले तरी असा कागद तयार होतो.

मुलीविषयी शेवटी लिहितो, कारण मला जास्त काळजी तिची वाटते. तिने परवा वाढदिवसाला जाऊन केकचा तुकडा हातरुमालात गुंडाळून घरी आणला आणि तुम्हाला विचारून मगच टाकून दिला, हे तुम्ही थोड्या कौतुकानेच लिहिले आहे. मला त्यात कौतुकाचे काही दिसले नाही. 'शुद्ध' खाण्याच्या ध्यासाने माणसाचे जेवण, मैत्री आणि मनःस्वास्थ्य पोखरले जाते, या अवस्थेला अमेरिकन डॉक्टर स्टीव्हन ब्रॅटमन यांनी १९९७ साली ऑर्थोरेक्सिया असे नाव दिले. मानसिक आजारांच्या अधिकृत वर्गीकरणात तिला अजून स्वतंत्र स्थान नाही, आणि तुमच्या मुलीला ती आहे असे मी पत्रावरून म्हणू शकत नाही आणि म्हणणारही नाही. पण पंधराव्या वर्षी अन्नाची भीती मनात घर करू लागली, तर ती वेळीच ओळखावी लागते. पदार्थांचे गटच्या गट ताटातून जाणे, जेवणाच्या प्रसंगांना टाळाटाळ, खाल्ल्यावर अपराधी वाटणे, वजन घटणे, पाळी अनियमित होणे, यांपैकी काही दिसत असेल तर वाट पाहू नका.

तिच्या शरीराची गरजही वेगळी आहे. या वयात हाडांची जडणघडण झपाट्याने होते आणि दिवसाला सुमारे १,३०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते; पेलाभर दुधात साधारण ३०० मिलिग्रॅम असते. दूध बंद करण्याचे कारण तुम्ही "कुठेतरी वाचले" एवढेच दिले आहे. तिला दुधाने पोटाचा त्रास होत नसेल तर ते परत सुरू करा, आणि होत असेल तर दही किंवा कॅल्शियम घातलेले सोयादूध द्या. पाळी सुरू झालेल्या मुलींना लोहाची गरजही जास्त असते. जेवणाबरोबरचा चहा अन्नातल्या लोहाच्या आड येतो, तर क जीवनसत्त्व असलेले फळ ते शोषून घ्यायला मदत करते. तेव्हा तिचा चहा जेवणापासून तासभर लांब सरकवा.

हे सारे तिला समजावून सांगायला मात्र बसू नका. गेले काही महिने तिने घरात अन्नाविषयी जे ऐकले आहे ते पुरे झाले. कागद काढताना तिला एवढे सांगा, की बाबांच्या तपासणीने मी घाबरले होते आणि त्या भीतीपोटी जरा जास्तच नियम केले, ते तुझ्यासाठी नव्हते. जेवायला बसल्यावर पोषणाची चर्चा बंद ठेवा. ती "यात काय आहे?" म्हणाली तर पदार्थाचे नाव सांगा, त्यातल्या साखरेचे आणि तेलाचे आकडे सांगू नका. तिच्यासमोर तुम्ही स्वतः काय खाता आणि कसे खाता, याकडे तिचे लक्ष असतेच. केक कापला गेला तर तुमच्या बशीतही एक तुकडा असू द्या. दोन-तीन आठवड्यांत तिचे टाळणे सैल झाले नाही, तर आधी बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि वजन, उंची, हिमोग्लोबिन आणि लोहाचा साठा तपासून घ्या. त्यांना गरज वाटली तर खाण्याच्या विकारांचा अनुभव असलेल्या समुपदेशकाकडे जा. वजन आधीच घटले असेल किंवा पाळी चुकली असेल, तर हे दोन-तीन आठवडेही थांबू नका. डॉक्टरांशी बोलताना पहिली काही वाक्ये तिची तिला बोलू द्या, आणि त्यांनी तुम्हाला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितले तर बाहेर बसा.